उखाण्यांच्या साइटला क्लिकमागे रुपया का मिळतो? माझा ॲडसेन्सचा अनुभव

ॲडसेन्स म्हणजे आपल्या साइटवर गुगलमार्फत जाहिराती लावून कमवायची सोय. तिचं अप्रूव्हल कसं मिळालं, कोड कुठे टाकला हे काही लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. मला लिहायचंय ते सीपीसीबद्दल, म्हणजे एका क्लिकमागे किती मिळतात त्याबद्दल, कारण त्या एका आकड्याने माझं डोकं पार आउट केलं होतं.

माझी साइट उखाण्यांची. लग्नसराईत नुसती झुंबड, आणि रिपोर्टात क्लिकमागे कधी रुपया तर कधी ऐंशी पैसे. वर ते कोर्स विकणारे छातीठोकपणे सांगणार, हाय सीपीसी कीवर्ड, म्हणजे महागड्या जाहिराती खेचणारे शब्द टाका, एक डॉलर कुठे गेला नाही. अहो, 'भाजीत भाजी मेथीची' मध्ये मी इन्शुरन्स कुठे घालू?

शेवटी त्यांचा नाद सोडला आणि रिपोर्ट पानांनुसार फोडून बघितला. लग्नाच्या खर्चावर मी एक पान लिहिलं होतं, तिथे चिटपाखरू फिरकत नाही, पण तिथला क्लिक उखाण्यांच्या कितीतरी पट महाग! मग ट्यूब पेटली. प्रत्येक जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि बोली लावतो जाहिरातदार. पर्सनल लोनवाल्याला एक गिऱ्हाईक मिळालं तर हजारोंचं व्याज सुटतं, तो बोली चढवणारच. उखाणे वाचणाऱ्याला कोण काय विकणार? ती नवरी घास भरवायच्या वेळी एका हातात जिलबी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून घाईघाईत स्क्रोल करतेय, जाहिरातीला अंगठा लागला तरी लगेच बॅक. असल्या क्लिकमधून धंदा होण्याची शक्यता कमी दिसली तर गुगल जाहिरातदाराला भाव कमी लावतं, हे त्यांच्या हेल्प पेजवरच लिहिलंय. म्हणून जाहिरात बटणाला चिकटून लावू नका, क्लिक वाढतात आणि भाव पडतो.

मग देशांनुसार बघितलं. अमेरिकेतली, दुबईतली आपली माणसं मोजकीच येतात, पण तोच उखाणा, तेच पान, आणि त्यांच्या क्लिकला भाव भलताच.

आणि मुख्य म्हणजे 2024 पासून ॲडसेन्स पैसे मुळात क्लिकवर नाही, जाहिरात दिसण्यावर देतं. म्हणजे सीपीसी हा आता नुसता भागाकार आहे, कमाई भागिले क्लिक! हे त्या कोर्सवाल्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. बघायचं ते पेज आरपीएम, म्हणजे हजार पेजव्ह्यूमागे किती सुटले. जाहिरातदार मोजतो त्यातले साधारण 68 टक्के आपल्या हातात येतात, तिथे फार काही गोलमाल नाही.

हो, एक राहिलंच, मावशी-काकूंना 'जरा क्लिक करा गं' असं चुकूनही सांगू नका, अकाउंट जातं. दिवाळीच्या आधी कंपन्या हात सैल सोडतात, नंतर भाव उतरला की लगेच थीम बदलत बसू नका. मराठी साइटला ॲडसेन्स 2018 पासून चालतं, त्यामुळे इंग्रजी मजकूर कोंबायची गरज नाही.

कमाई 10 डॉलर झाली की पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो, तो चार महिन्यांत अकाउंटमध्ये टाकला नाही तर जाहिराती बंद होतात, तेव्हा पत्ता नीट टाका. पैसे 100 डॉलर झाल्यावरच निघतात, तोवर बँकेत स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड, विचारून ठेवा. छोट्या शाखेला बऱ्याचदा स्वतःचा नसतो, मोठ्या शाखेचा चालतो.