यादीतून गळलेले नाव

मीडिआला सूडच घ्यायचा होता, तर तिने नवऱ्याला, जेसनला का मारले नाही, पोटच्या मुलांना का मारले? प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘मीडिआ’ या नाटकाचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने उत्तरही बहुधा मनाशी ठरवलेले असते: बाईचे भान सुटले होते. तुम्हीही विचारलेत म्हणून सांगते, मला ते पटत नाही.

इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये अथेन्सला झालेल्या या नाटकात सूडाचा बेत आपल्यासमोर बदलत जातो. ज्याच्यासाठी तिने माहेर तोडले, सख्खा भाऊ मारला, तो जेसन शपथा मोडून कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न करतो आणि राजा क्रेऑन मीडिआला मुलांसकट हद्दपार करतो. गयावया करून ती एका दिवसाची मुदत मिळवते आणि राजाची पाठ फिरताच सांगते की आज तिघांची प्रेते पडतील: बाप, मुलगी आणि माझा नवरा. या यादीत मुले नाहीत, जरी दाईच्या मनात त्यांच्याबद्दलची धास्ती पहिल्यापासून आहे.

मग अथेन्सचा राजा एजियस येतो. हा प्रवेश उपरा वाटतो, अशी तक्रार टीकाकार फार पूर्वीपासून करत आले आहेत. मला मात्र नाटकाचे मर्म तिथेच सापडते. मूल व्हावे म्हणून डेल्फीच्या देवाचा कौल घेऊन तो परतत असतो. एवढ्या मोठ्या राजाला निपुत्रिकपण किती सलते, हे ती पाहते, त्याच्याकडून आश्रयाची शपथ घेते, आणि तो गेल्यावर जो बेत सांगते त्यात नवऱ्याचे नाव नाही. त्या जागी मुले आली आहेत. नवी नवरी विषारी वस्त्राने मरणार, म्हणजे जेसनला आहेत ती मुलेही उरणार नाहीत आणि पुढे होणारही नाहीत.

हे भान सुटणे नव्हे. मुलांकडे पाहून ती दोनदा माघार घेते, आणि अखेर म्हणते की मी किती घोर कृत्य करणार आहे ते मला कळते, पण माझा संताप माझ्या विचारांहून बलवान आहे. शत्रूंनी आपल्याला हसावे हे तिला सोसत नाही. ग्रीक वीरपुरुषाचा हा ताठा युरिपिडीसने एका परदेशी, टाकलेल्या बाईला दिला, आणि म्हणूनच मला तिच्यापासून नजर वळवता येत नाही.

शेवटी ती सूर्याने दिलेल्या रथात, मुलांची प्रेते घेऊन उभी असते. मुलांना एकदा हात लावू दे, म्हणून जेसन खालून विनवतो. ती देत नाही. त्याआधीच तिने त्याला सांगितलेले असते की तुझा शोक अजून सुरूही झालेला नाही, म्हातारपण येऊ दे.