सीन्स फ्रॉम अ मेमरी, नोंद चौथी: थेरेसा थॉमसनचा आवाज

ड्रीम थिएटर या अमेरिकी मेटल बँडचा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा कथा सांगणारा अल्बम आमचा बँड बसवतोय, आणि त्याचा पहिला अंक आता हाताखालून जातोय. 'रिग्रेशन'पासून 'बियाँड धिस लाइफ'पर्यंत सलग, मध्ये न थांबता वाजवलं. राहिलं होतं ते अंकाचं शेवटचं गाणं, 'थ्रू हर आइज'. ते मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, कारण त्याला लागणारा आवाज आमच्या चौघांपैकी कुणाच्याच गळ्यात नाही. आता तो आवाज मिळालाय. त्यामुळे ही नोंद गिटारपेक्षा गाण्याविषयी जास्त आहे, आणि त्यावरून आमच्यात जो वाद पेटला त्याविषयी.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. ड्रीम थिएटरचा हा अल्बम ऑक्टोबर १९९९मध्ये आला. १९९२च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्ये 'मेट्रोपोलिस पार्ट वन' नावाचं गाणं होतं, त्याचा हा दुसरा भाग. हा दुसरा भाग आधी वीसेक मिनिटांचं एकच गाणं म्हणून 'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी'च्या वेळी तयार झाला होता, पण १९९७च्या त्या अल्बममध्ये त्याला जागा मिळाली नाही. पुढे कीबोर्डवर जॉर्डन रुडेस आला, रेकॉर्ड कंपनीने हात मोकळे सोडले, आणि वीस मिनिटांची सत्याहत्तर झाली. दोन अंक, नऊ प्रवेश, बारा ट्रॅक. निकोलस नावाचा माणूस संमोहनतज्ज्ञाकडे जातो आणि त्याला आपला मागचा जन्म दिसू लागतो. त्या जन्मात तो व्हिक्टोरिया नावाची तरुणी होता आणि १९२८मध्ये तिचा खून झाला होता. पुनर्जन्म आणि जुना खून ही जोडी आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कथेत शिरायला आपल्याला वेळ लागत नाही, तो याचमुळे असावा.

या सगळ्यात थेरेसा थॉमसन पाहुणी म्हणून येते. ती गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारी, पॉल विंटर कन्सॉर्ट या वाद्यवृंदाबरोबर गाजलेली. मेटलच्या जगाशी तिचा संबंध नव्हता. अल्बमभर ड्रीम थिएटरचा गायक जेम्स लाब्री गातो आणि ती ठळकपणे ऐकू येते फक्त दोन ठिकाणी: 'थ्रू हर आइज'च्या सुरुवातीला, शब्दांशिवाय, आणि 'द स्पिरिट कॅरीज ऑन'च्या शेवटी, कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, वर. एक जागा पहिल्या अंकाच्या शेवटी, दुसरी शेवटच्या प्रवेशाच्या अगदी आधी.

आता वाद. आमच्या ड्रमरचं मत असं की 'थ्रू हर आइज' अल्बमची गती मोडतं. अकरा मिनिटांचं 'बियाँड धिस लाइफ' संपतं तेव्हा अंगात रक्त सळसळत असतं, आणि त्यावर हे संथ गाणं येतं. जुन्या चाहत्यांमध्ये हे मत बरंच पसरलेलं आहे. सीडीच्या काळात हा ट्रॅक ओलांडून थेट पुढच्या 'होम'वर जाणारे पुष्कळ मला माहीत आहेत. बेसवाल्याची तक्रार वेगळी. त्याला गॉस्पेलच खटकतं. चर्चमधला आवाज गिटारच्या खरखरीत डिस्टॉर्शनच्या शेजारी आणून ठेवला की भावना उसनी वाटते, असं तो म्हणतो. 'स्पिरिट'मधला कॉयर त्याला नेहमीच जास्तीचा वाटत आलाय. कीबोर्डवाला तिसऱ्याच टोकाला. त्याचं म्हणणं, थॉमसनला फार कमी दिलं. व्हिक्टोरिया बाई आहे, तिच्या तोंडी ओळी आहेत, आणि त्या सगळ्या लाब्री गातो. मग बाईचा आवाज बोलावलाच होता तर त्या ओळी तिला का दिल्या नाहीत? दाखला म्हणून त्याने क्वीन्सराइक या मेटल बँडच्या १९८८च्या 'ऑपरेशन: माइंडक्राइम'चं नाव काढलं. तिथे पॅमेला मूर सिस्टर मेरी होऊन गाते. तिला नाव आहे, संवाद आहेत, आणि 'स्वीट सिस्टर मेरी'मध्ये ती त्यांचा गायक जेफ टेटच्या समोर उभी राहून उत्तरं देते.

हा मुद्दा वजनदार आहे. पॅमेला मूर नसती तर 'माइंडक्राइम'चा मधला भाग उभाच राहिला नसता, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही 'सीन्स'मध्ये घेतलेला निर्णय मला जास्त खोल वाटतो. तो कळायला गाण्यांचा क्रम बघावा लागतो.

'बियाँड धिस लाइफ' म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. खुनाचा वृत्तांत, साक्षीदाराची हकीकत, शेवटी काढलेला निष्कर्ष: प्रियकर ज्युलियनने व्हिक्टोरियाला मारलं आणि स्वतःला संपवलं. अकरा मिनिटं शब्दच शब्द, ठाम आणि तपशीलवार. आणि ते सगळं खोटं आहे. खरं काय घडलं ते शेवटच्या 'फायनली फ्री'मध्ये कळतं: मारेकरी ज्युलियनचा भाऊ एडवर्ड, आणि बातमीतला साक्षीदारही तोच. म्हणजे त्या बातमीत व्हिक्टोरियाच्या मृत्यूविषयी जे काही सांगितलं जातं, ते तिच्या मारेकऱ्याच्या तोंडून आलेलं आहे. त्या बातमीला लागून लगेच एका बाईचा आवाज येतो आणि त्यात एकही शब्द नाही. निकोलस तिच्या थडग्यापाशी उभा आहे. तिची बाजू सांगणारं कुणीच उरलेलं नाही. अशा वेळी तिला ओळी दिल्या असत्या तर खुनाचं कोडं तिथेच सुटायला लागलं असतं. शब्द नसल्यामुळे आपल्याला फक्त एवढं कळतं की या बातमीत एक माणूस होतं. ड्रमरला जिथे गती मोडल्यासारखी वाटते, तिथेच मला पहिल्या अंकाचा कणा दिसतो.

व्हिक्टोरियाच्या ओळी लाब्रीने गाण्याचंही मला कोडं वाटत नाही. निकोलस हाच व्हिक्टोरिया आहे. तिचे शब्द त्याच्याच गळ्यातून यायला हवेत. ते दुसऱ्या कुणी गायले असते तर ती दोन वेगळी माणसं झाली असती आणि कथेचा पायाच हलला असता. हे मांडल्यावर कीबोर्डवाला थोडा नरमला, पूर्ण मानला नाही. 'स्पिरिट'मध्ये तरी तिला चार ओळी हव्या होत्या, यावर तो अजून ठाम आहे.

आता आमची गायिका. ठाण्यातलीच, ख्याल शिकलेली, भावगीतांच्या कार्यक्रमांतून गाणारी. मेटल तिने कधी मन लावून ऐकलेलं नव्हतं. तिला आधी फक्त 'थ्रू हर आइज'ची सुरुवात ऐकवली. तिचा पहिला प्रश्न होता, "ही कोण आहे? म्हणजे गोष्टीतली." मग आम्ही सगळी कथा सांगितली आणि सुरुवातीपासून अल्बम लावला. 'बियाँड धिस लाइफ' संपून तो आवाज पुन्हा आला तेव्हा ती सरसावून बसली.

सूर धरायला तिला अडचण आली नाही. अडचण आली ती आवाजाच्या लगावाची. आकार लावण्याची तिची सवय अशी की सूर मोकळा, स्थिर, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड. थॉमसन सुराला खालून धक्का देत वर चढते, टिपेला आवाज छातीतूनच दाबून लावते आणि सूर सोडताना मुद्दाम किंचित फोडते. तो फुटलेला शेवटच सगळं सांगून जातो. आमच्या गायिकेने तो गाळून पाहिला तर अख्खा भाग सुंदर पण अलिप्त वाटायला लागला. त्यामुळे आता सराव चाललाय तो सूर सोडण्याचा. ती काळी चारमध्ये गाते, पट्टी बदलून मागत होती, पण मूळ सुरातच राहायचं ठरवलं. पट्टी उतरवली असती तर तो ताण गेला असता, आणि इथे ताणच हवा आहे. हरकती मात्र तिच्या तिने घ्याव्यात असं मी सांगितलंय. थॉमसनची प्रत्येक लकेर जशीच्या तशी उचलली तर ती पाठांतरासारखी ऐकू येते.

माझ्या बाजूने सांगायचं तर या सुरुवातीला गिटारने फार बोलू नये, हे उशिरापर्यंत वाजवून झाल्यावर पक्कं झालं. ड्रीम थिएटरचा गिटारवाला पेत्रुची तिथे थॉमसनच्या शेजारी आहे, तिच्यावर नाही. मी डिले (प्रतिध्वनी) कमी केला, व्हॉल्यूम पेडलने प्रत्येक सुराची सुरुवात पुसून टाकली, आणि माझा व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, गायिकेच्या कंपनापेक्षा सावकाश ठेवला. दोन्ही एकाच वेगाने थरथरले की गढूळ होतं. जे कुणी हे वाजवताय त्यांनी आधी गायिकेला ऐका आणि मग पेडलवर पाय ठेवा. टॅबमध्ये, म्हणजे गिटारच्या लिखित नोटेशनमध्ये, यातलं काही लिहिलेलं नसतं.

'द स्पिरिट कॅरीज ऑन'चा सोलो आता बसलाय. बोटांना तो अवघड नाही, त्यामुळेच त्यात लपायला जागा नाही. लांब बेंड (तार ओढून चढवलेला सूर) सुरापर्यंत नेमका पोचला पाहिजे आणि तिथे थांबला पाहिजे. खरा प्रश्न शेवटच्या धृपदाचा आहे, कारण तिथे कॉयर हवा. आम्ही पाच माणसं. कीबोर्डवरचा कॉयरचा आवाज लावून पाहिला, पण बेसवाल्याची चर्चवाली तक्रार त्या नकली आवाजामुळे उलट बळकट झाली. मग वसईच्या एका चर्चमध्ये कॉयरमध्ये गाणाऱ्या तीन मुली तयार झाल्या. त्यांच्याबरोबर एकदा गाऊन झालं, आणि त्या खोलीत बेसवाला पहिल्यांदाच काही बोलला नाही. तो नंतर एवढंच म्हणाला की माणसं गात असतील तर चालेल. मला वाटतं, त्याचं मूळ मतही हेच असणार. रेकॉर्डवर अख्खा कॉयर आहे, पण मिश्रणात तो मागे बसतो. थॉमसनचा आवाज त्याच्यावरून कसा निघतो ते बघायचं असेल तर न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममधला ३० ऑगस्ट २०००चा कार्यक्रम बघा. थॉमसन आणि कॉयर तिथे प्रत्यक्ष मंचावर आहेत. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आवडत नसलेल्या दोघातिघांचं मत त्या चित्रीकरणाने बदललेलं मी पाहिलंय.

याच ठिकाणी तिची दुसरी जागा पहिलीला उत्तर देते. पहिल्यांदा ती एकटी होती. इथे तिच्यामागे माणसं आहेत, आणि निकोलसची मरणाची भीती गेलेली आहे. तेवढ्यात 'फायनली फ्री' सुरू होतं आणि सगळं पुन्हा हिरावलं जातं. हा क्रम ज्याने ठरवला त्याला सलाम.

दुसऱ्या अंकाचं बाकीचं काम थोडक्यात. 'होम'ची सुरुवातीची सतारीसारखी धून मला अजून पटत नाही, पण रिफ मजबूत आहे आणि ड्रमर त्यात खूश आहे. 'द डान्स ऑफ इटर्निटी' मूळ वेगाच्या ७० टक्क्यांवर सलग जातंय. सहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा टाइम सिग्नेचर, म्हणजे तालाची मात्रागणना, बदलते, त्यामुळे मोजत बसण्यात अर्थ नाही. आम्ही प्रत्येक तुकड्याला तोंडाने म्हणायचे बोल ठरवलेत, तबलजी शिकतात तसे, आणि आधी टाळी देऊन म्हणतो, मग वाद्य हातात. रॅगटाइम पियानोचा तुकडा कीबोर्डवाल्याने पूर्ण वेगात उचललाय. ते ऐकून बाकी सगळ्यांना हुरूप आलाय. बेसचा टॅपिंगचा (तारांवर बोटं आपटून वाजवायचा) भाग मात्र वेगात अजून स्वच्छ येत नाही.

पुढच्या वेळी 'वन लास्ट टाइम'पासून शेवटपर्यंत सलग, गायिका आणि वसईच्या मुली यांच्यासह. ड्रमरची एक अट आहे: पहिला अंक एकदा 'थ्रू हर आइज' वगळून आणि एकदा धरून वाजवायचा, आणि ऐकायला बसलेल्यांनी सांगायचं. मी हो म्हटलंय. ज्यांनी हा अल्बम वाजवलाय किंवा पाठ होईपर्यंत ऐकलाय त्यांनी थॉमसनच्या दोन्ही जागांविषयी काय वाटतं ते जरूर कळवा. विशेषतः 'स्पिरिट'मध्ये व्हिक्टोरियाच्या ओळी गायिकेला द्याव्यात का, याविषयी. कीबोर्डवाल्याने तशी एक आवृत्ती बसवायचा हट्ट धरलाय, आणि गायिकेने त्या ओळी पाठ करायला घेतल्यात.