आजींच्या घरातील एक तास
आज दुपारी आमच्या चर्चच्या मंडळीतील एका आजींना भेटायला गेलो होतो. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा प्रभूकडे गेला. सांत्वनाची वचने खुणा घालून नेली होती, पण दारातच जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर आठवले. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ टुगेदर’ या पुस्तकात ते सांगतात, की ख्रिस्ती सहवासातील पहिली सेवा म्हणजे दुसऱ्याचे ऐकून घेणे, आणि पाळक तिथेच कमी पडतात, कारण आपण काहीतरी बोललेच पाहिजे, असे त्यांना वाटत असते.

मी पवित्र शास्त्र मिटूनच ठेवले. आजी तासभर बोलत राहिल्या. चहावर साय धरली. मध्येच उठून त्यांनी मुलाचा घडी केलेला शर्ट आणून माझ्या हातात ठेवला.

निघताना म्हणाल्या, “पाळकसाहेब, टिळकांचं एखादं भजन म्हणा.” आम्ही दोघांनी ते हळू आवाजात म्हटले. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची आणि कीर्तनाची वाट दाखवली, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला. त्यांचे हे ऋण मला अशा घरांतच सर्वाधिक जाणवते.

पुढच्या गुरुवारी पुन्हा जाणार आहे. आजींनी मोठ्या अक्षरांतील गीतांचे पुस्तक मागितले आहे.