बहात्तरावा हिस्सा

प्लास्टिकचं छोटं विमान जोडायचा डबा उघडला की विमान दिसत नाही. दिसतात करड्या प्लास्टिकच्या जाळ्या आणि त्यांना लगडलेले बारीक-मोठे तुकडे. या जाळीला स्प्रू म्हणतात. झाकणावरच्या चित्रात स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, ढग फाडत निघालेलं असतं; आत मात्र पंख एका जाळीत, शेपूट दुसरीत, आणि वैमानिक बिचारा चाकाच्या शेजारी आडवा लटकलेला.

प्रमाण एकास बहात्तर. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, माझ्या विमानाचा साडेपंधरा सेंटीमीटरच्या जरासा वर. या जगात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. हे गणित मला फार आवडतं. टेबलावरची मोजपट्टी उभी केली की तिच्या कडेला माणसांची रांगच दिसायला लागते.

नवख्याला वाटतं, आधी पंख जोडावेत. मलाही वाटलं होतं. पण सुरुवात करायची ती खुर्चीपासून. कॉकपिटच्या आतल्या भिंतींना करडा-हिरवा रंग, काळ्या पाटीवर सुईच्या टोकाने टेकवलेले पांढरे ठिपके, म्हणजे घड्याळं. दोन रात्री यात जातात. मग धडाचे दोन अर्धे भाग मिटायचे, आणि त्या दोन रात्रींतलं जवळजवळ सगळं कायमचं आत गडप. मग रंगवलं कशाला, असं कोणी विचारलं तर मी विषय बदलतो.

चिकटवायला जे वापरतात त्याला आपण गोंद म्हणतो, पण तो गोंद नव्हेच. ते प्लास्टिक विरघळवणारं पातळ द्रावण. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि सुकल्यावर एकच होतात. म्हणून चूक उकलता येत नाही. माझ्या पहिल्या विमानाच्या डाव्या पंखावर माझा अंगठा उमटलाय, रेषांसकट. दुसऱ्याची काच मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली आणि त्याच्या वाफेने ती आतून पांढरी झाली. ते विमान अजून धुक्यातच आहे.

पंखांशी मात्र मी रेंगाळतो. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार; पुढची कड वळत जाते, मागची वळत जाते आणि टोकाशी दोघी भेटतात. जोडाची रेघ घासायला पॉलिश पेपर घेतला की हात आपोआप सरळ चालतो आणि गोलाईवर एक सपाट चट्टा पडतो. तो पडला की त्या काळच्या कारागिरांची आठवण येते. हा पंख बनवणं त्यांनाही जड गेलं, सुरुवातीची विमानं त्यापायी रखडली. पण याच आकारामुळे पंख पातळ राहूनही त्यात चाकं मावली आणि दोन्ही पंखांत मिळून आठ मशीनगन मावल्या. त्याचे रचनाकार आर. जे. मिचेल यांनी हे विमान ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडताना पाहिलं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ते कर्करोगाने गेले, वयाच्या ४२व्या वर्षी. ब्रिटनवरच्या जर्मन हवाई हल्ल्यांच्या ज्या १९४०च्या उन्हाळ्याने त्यांचं विमान घरोघरी पोचवलं, तो त्यांनी पाहिलाच नाही.

एक तुकडा हरवतोच. चिमट्यात धरलेला असतो, जरा दाब जास्त होतो, ‘टिक्’ असा आवाज येतो आणि तुकडा जातो. कुठे, ते विचारायचं नाही. मी गुडघ्यांवर बसून टॉर्चने जमीन धुंडाळतो. या शोधात मागच्या विमानाचं हरवलेलं चाक सापडतं, या विमानाचं कधीच नाही. उरलेल्या स्प्रूचा मात्र उपयोग होतो. त्याची काडी मेणबत्तीच्या वर धरून, मऊ पडल्यावर हलकेच ताणली की केसाएवढा बारीक तंतू निघतो. तो विमानाच्या पाठीवरच्या खांबापासून शेपटीपर्यंत लावला की रेडिओची तार तयार.

रंगांबद्दल थोडक्यात: वर मातकट आणि गडद हिरवा, खाली ‘स्काय’. नाव आकाशाचं, पण रंग निळा नाही, फिकट हिरवट. त्यावर चकचकीत वार्निश, आणि मग डेकल, म्हणजे पाण्याने सुटणारी चिकटचित्रं. कोमट पाण्यात कागद भिजवायचा, चित्र सुटून सरकायला लागतं, ते ब्रशने ओढत जागेवर न्यायचं. पृष्ठभाग खरखरीत असेल तर खाली हवा अडकते आणि चित्राची कड चांदीसारखी चमकत राहते. एका गोल चिन्हावर मी श्वास रोखून अर्धा तास घालवलाय.

शेवटी राहतात आठ तांबडे चौकोन, प्रत्येक तिळाएवढा. मी ते शोभेचे समजत होतो. ते कापडी ठिगळ. खऱ्या विमानात मशीनगनच्या तोंडांवर चिकटवत, म्हणजे आत धूळ शिरू नये, उंचावर बर्फ धरू नये. पहिली गोळीच ते फाडून बाहेर पडे. ठिगळ शाबूत म्हणजे बंदूक झाडलेली नाही. सलग झाडली तर सगळ्या गोळ्या साधारण पंधरा सेकंदांत संपत. मला एक चौकोन जागेवर बसवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

आठही बसवले, वर पेन्सिलीचा भुगा बोटाने चोळून पंखाखाली धुराचे ओघळ काढले, आणि भाच्याला दाखवलं. त्याने विमान उलटसुलट करून पाहिलं.

“मामा, ठिगळं फाटलेली नाहीत, मग खाली धूर कसला?”

बारा वर्षांच्या पोराने माझे तीन आठवडे एका वाक्यात पकडले. मी इअरबड ओला करून ओघळ पुसायलाही घेतले. मग थांबलो.

“अरे, हे एकदा जाऊन आलंय. गोळ्या परत भरल्या, नवी ठिगळं लावली. धूर पुसायला कुणाला वेळ झाला नाही. आता पुन्हा निघायचंय.”

त्याला ते पटलं. त्याने काचेतून आत डोकावून पाहिलं.

“मग पायलट कुठंय?”

“चहा प्यायला गेलाय.”

वैमानिक डब्यातच आहे, स्प्रूला लटकलेला. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके दिले की तो घाबरलेला दिसतो आणि नाही दिले तर त्याहून वाईट दिसतो. म्हणून मी त्याला अजून कापून काढलेला नाही.