आवक-जावक

आमच्या साताऱ्याच्या घरी मागच्या दाराशी एक जर्मनचे पातेले असे. ॲल्युमिनियमला जर्मन म्हणणाऱ्या पिढीतले ते भांडे. त्याचा एक कान तुटलेला होता, बूड काजळीने कायमचे काळे झाले होते आणि त्याला इतके पोचे पडले होते की सपाट फरशीवर ठेवले तरी ते क्षणभर डुलत असे. आईच्या मागे भांड्यांची वाटणी झाली तेव्हा पितळी परात मावशीकडे गेली, तांब्याचा बंब भावाने शोभेसाठी मुंबईला नेला, डबे कामाच्या बाईंनी नेले. या पातेल्याला मात्र कोणी हात लावला नाही. ते कुत्र्यांचे होते, आणि कुत्र्यांचे भांडे माणसांनी घ्यायचे नसते, एवढे आमच्या नात्यागोत्यातल्या सर्वांना ठाऊक होते. पातेल्याच्या वर, खुंटीला, सुतळीने बांधलेली एक लांबट वही लटकत असे. तिलाही कोणी हात लावला नाही.

पहाटे पाच वाजता मागच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटे आणि घरातला पहिला भात त्या पातेल्यात शिजे, आमचा नंतर. रेशनचा जाड तांदूळ, मूठभर डाळ, चिमूटभर हळद, आणि रविवारी खाटकाकडून स्वस्तात मिळणारे तुकडे. आमचे घर शाकाहारी असल्यामुळे ती चूल अंगणात आली होती आणि अंगणातच राहिली. त्या भातात कांदा-लसूण कधी पडत नसे. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे आईला गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले होते. आजीला मात्र आपली सून कुत्र्यांच्या भातातसुद्धा कांदा घालत नाही, म्हणजे केवढे तिचे सोवळे, असे वाटे आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते कौतुकाने सांगे. आईने तिचा हा गैरसमज शेवटपर्यंत दूर केला नाही. घरात शांतता ठेवण्याचे तिचे काही मार्ग होते, त्यातला हा एक.

एरवी शांतता हा तिचा प्रांत नव्हे. तिला कोणी प्राणिप्रेमी म्हटले तरी ती उसळून येई. "प्रेम कसलं? त्यांची जेवायची वेळ झालीय," असे म्हणून ती पातेले उचलून चालू लागे. कुत्र्याला कवटाळणे, मांजराचे पापे घेणे असले प्रकार तिने कधी केले नाहीत. आजारी जनावराखेरीज कुठल्याही जनावराला घरात थारा नव्हता आणि प्रत्येक वेळी जनावर हाताळल्यावर लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती एका सरकारी कचेरीत लिपिक होती. आयुष्याची बत्तीस वर्षे तिने आवक-जावक विभागात काढली. आलेला प्रत्येक कागद क्रमांक घालून नोंदवायचा आणि गेलेला प्रत्येक कागद कुठे गेला ते लिहायचे, हे तिच्या हाडीमासी मुरलेले होते. खुंटीवरची ती वही म्हणजे आमच्या अंगणाची आवक-जावक होती. डाव्या पानावर आलेली जनावरे, उजव्या पानावर गेलेली. "पिल्ले ३, डोळे मिटलेले." "घार १, पंखात मांजा." "मांजरी १, गाभण, स्वभावाने तापट." उजवीकडे दोनच शेरे असत: "दिले" आणि "गेले". घर मिळाले तर दिले, आणि उरलेल्यांसाठी गेले. बाबा म्हणत, या घरात जनावरांची आवक वाढली की पाहुण्यांची जावक होते. तेवढा एक फायदा मात्र ते मोकळेपणाने मान्य करीत.

ती तीन पिल्ले मला चांगली आठवतात, कारण त्यांच्यावर मी मनापासून जळले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. डिसेंबर महिना होता आणि पिल्लांची आई हमरस्त्यावर ट्रकखाली गेली होती. आईने बुटांच्या खोक्यात जुने लुगडे अंथरले, वर साठ वॅटचा दिवा टांगला आणि दर दोन तासांनी उठून ड्रॉपरने त्यांना पाणी घातलेले शेळीचे दूध पाजायला सुरुवात केली. पिल्लाला उताणे धरून दूध पाजायचे नसते, ते फुप्फुसात जाते. त्याला पोटावरच ठेवून, मान किंचित वर करून पाजावे लागते. शिवाय इतक्या लहान पिल्लांना आपण होऊन शू-शीही करता येत नाही. त्यांची आई चाटून ते काम करवून घेते; आई नसली की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ते माणसाला करावे लागते. हे सगळे मी पांघरुणाच्या फटीतून पाहत होते. माझ्यासाठी ती रात्री इतक्या वेळा कधी उठली असेल असे मला वाटेना. तिसऱ्या रात्री मी ठरवून कण्हायला लागले आणि खोल आवाजात सांगितले की मला ताप भरला आहे. आई आली, तिने कपाळावर हात ठेवला, मग गळ्याशी ठेवला, आणि म्हणाली, "ताप नाहीये. पण उठलीच आहेस तर ड्रॉपर धर."

मी ड्रॉपर धरला. दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांतल्या दोघांचे डोळे उघडले, निळसर आणि धुरकट. तिसऱ्याचे उघडलेच नाहीत. त्या रात्री उजव्या पानावर "१ गेले" असे लिहिताना आईने पेन इतके दाबले की मागच्या पानावर ते अक्षर उलटे उमटले आहे. ती रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने गाडी भरधाव हाकणाऱ्या कोणा अनोळखी ट्रकवाल्याला, तो समोर असल्यासारखा, भांडी घासता घासता तासभर फैलावर घेतले.

भांडण ही तिची कला होती आणि कायदा हे तिचे हत्यार. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा तिला तोंडपाठ होता. राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी यासाठी खासगी विधेयक मांडले आणि त्यातून पुढे सरकारने हा कायदा केला, ही हकिकत ती फार अभिमानाने सांगे. एका नर्तकीने जनावरांसाठी संसदेत उभे राहावे, यात तिला काहीतरी स्वतःचे दिसत असावे. पण त्याच कायद्यातल्या अकराव्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. या आकड्यावर ती दरवेळी नव्याने संतापे. "जनावराचा पाय मोडायचा आणि पन्नास रुपये द्यायचे! पन्नास रुपयांत पावशेर कंदी पेढेसुद्धा येत नाहीत." साताऱ्याच्या माणसाला महागाई कळते ती पेढ्यांच्या भावातूनच.

एकदा मात्र तिचा कायदा तिच्या ओठांवरच राहिला. गाळपाचा हंगाम होता आणि गावाबाहेरच्या चढावर उसाने भरलेली एक टायरगाडी अडकली होती. बैलांचे गुडघे टेकायला आले होते, गाडीवान शेपूट पिरगाळत होता, पराणी टोचत होता. आई रिक्षातून उतरली आणि पदर खोचून गाडीपुढे उभी राहिली. तिने कलम अकरा सुरू केले. गाडीवानाने ते मुकाट्याने ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "बाई, उचल फिटंना झालीया. गाडी हलकी भरली तर मुकादम खेपा मोजतो." उसावर त्याची बायको बसली होती, तिच्या मांडीवर चार-पाच महिन्यांचे मूल होते. बीडकडचे जोडपे होते ते. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. माणसे मोजायचीच नाहीत, अवजार मोजायचे, अशी ती भाषा आहे. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि ही तिच्या बाबतीत दुर्मीळ घटना होती. मग तिने आणि मी चाकांमागे दगड लावले, रिक्षावाल्याने खांदा दिला, निम्म्या मोळ्या उतरवून दोन खेपांत गाडी चढावर आली. बैलांच्या मानेवर जू घासून खांदेसूज आली होती. आईने घरून हळद-तेल मागवले. त्या रात्रीची नोंद अशी आहे: "बैल २, खांदेसूज. गाडीवान १, बाई १, मूल १. चहा. कायदा अपुरा." कायद्याच्या अपुरेपणाबद्दल तिने त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ काही म्हटले असेल, पण दंडाच्या रकमेखेरीज दुसऱ्या कारणासाठी ते तिने एवढ्या एकाच वेळी लिहिले.

गल्लीतली माणसे तिच्यावर चिडत आणि त्यांचे सगळेच चुकत होते असे मी म्हणणार नाही. रात्री अपरात्री सायकलवरून येणाऱ्याच्या मागे कुत्री लागली की त्याला होणारी भीती खरी असते. आईला स्वतःला १९८८ साली कुत्रे चावले होते, आणि त्या काळी पोटात घेतली जाणारी ती जुन्या लशीची चौदा इंजेक्शने तिने एकही न चुकवता घेतली होती. त्यामुळे चावा किंवा साधा ओरखडा जरी झाला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि मगच आरडाओरडा करायचा, हा नियम तिने गल्लीतल्या प्रत्येक पोराला शिकवला. कुत्री उचलून दूर नेऊन सोडा, असे म्हणणाऱ्यांशी ती वाद घाली. उकिरडा तसाच ठेवून कुत्री तेवढी हलवली तर मोकळ्या जागेत चार नवी येतात, आणि ती ना नसबंदी झालेली असतात ना लस टोचलेली. २००१ च्या नियमांनी नसबंदी केलेले कुत्रे त्याच जागी परत सोडण्याचे ठरवले ते याच कारणाने. कानाचा कोपरा कापलेला दिसला की समजावे, याचे काम झाले आहे. भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे सांगून ती शेजाऱ्यांकडून वर्गणी मागे. आणि वर्गणी देताना कोणी कुरकुरले तर म्हणे, "नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. तुम्ही तूप नका देऊ, निदान काठी घेऊन तरी धावू नका."

२०२० च्या टाळेबंदीत हॉटेले आणि वडापावच्या गाड्या बंद पडल्या आणि त्यांच्या उष्ट्यावर जगणारी कुत्री एकाएकी आमच्या दारी आली. आई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती, तिने घराबाहेर पडायचे नव्हते. तेव्हा ज्या काकांनी तिच्याविरुद्ध तीन वेळा अर्ज केले होते, ते पास काढून पोळ्यांची पिशवी घेऊन गल्लीभर फिरले. आईने त्यांचे आभार मानले नाहीत. पोळ्यांना मीठ कमी लावत जा, एवढेच सांगितले. वहीत त्या महिन्यापासून त्यांची पोळ्यांची संख्या रोज नोंदलेली आहे.

तिचा दहावा दिवस आम्ही संगम माहुलीला केला. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथेच साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात. लहानपणी आई आम्हाला तिथे न्यायची आणि देवळांपेक्षा त्या दगडी कुत्र्यापाशी जास्त रेंगाळायची. दहाव्याला कावळे आले, झाडावर बसले आणि पिंडाकडे पाहत राहिले. आम्ही एकेक आश्वासन देऊ लागलो: भावाने घर विकणार नाही म्हटले, मी बाबांकडे दर महिन्याला येईन म्हटले. कावळे हलेनात. एवढ्यात घाटाच्या पायऱ्यांवरून कान कापलेली एक तांबूस कुत्री शांतपणे आली, पिंड खाऊन गेली, आणि गुरुजी हातातले पळीपंचपात्र सावरत म्हणाले, "आता याला शास्त्रात काय आधार आहे ते बघावं लागेल." दहा दिवसांत पहिल्यांदाच बाबा हसले. हसता हसता ते पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

बाबा म्हणजे जन्मभर त्या भाताच्या वासाने नाक मुरडणारा माणूस. मांजर दिसले की वर्तमानपत्र झटकणारे. मी पुण्याला परतताना त्यांना म्हटले, कुत्र्यांची सोय लावून जाते, कोणाला तरी सांगते. ते म्हणाले, "बघू." गणिताच्या मास्तरांच्या तोंडी हा शब्द नकाराच्या अर्थानेच येतो, असा माझा अनुभव होता.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा मागच्या अंगणात धूर होता. चुलीवर जर्मनचे पातेले डुलत होते आणि गल्लीतली पाच कुत्री, शाळेत रांगेत बसवल्यासारखी, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसली होती. मी वही खाली काढली. आईचे शेवटचे अक्षर जिथे संपत होते त्याच्या खाली, पट्टीने ओढलेल्या रेषेनंतर, बाबांचे थरथरते अक्षर होते. "मांजर १. मागचा उजवा पाय लंगडते. नाव : ठरायचे आहे." उजवे पान कोरे होते.

मी वही परत खुंटीला अडकवत होते तेवढ्यात बाबांनी बाहेरून हाक मारली, "अगं, हळद पाण्यातच घालायची की भात शिजल्यावर?"