भावाला 'सेपरेट'मधून बाहेर काढताना

माझा धाकटा भाऊ सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणायचा. मारामारीच्या केसमध्ये आत गेला. जामीन झाला नाही, केस अजून उभी राहिली नाही, म्हणजे कच्चा कैदी. बराकीत भांडण झालं आणि त्याला उचलून 'सेपरेट'मध्ये, म्हणजे एकट्याच्या कोठडीत टाकलं. आम्हाला कुणी कळवलं नाही. मुलाखतीला गेलो तर काचेपलीकडं फोन धरून नुसता बसलेला. म्हणाला, "दादा, तूच बोल की. काहीबी बोल." पंधरा वर्षं मागाच्या खटखटीत काढलेला माणूस. मी बोलत होतो तेव्हा त्याचं बोट कट्ट्यावर त्याच ठेक्यात आपटत होतं. १९ दिवस झाले होते.

जेलचं नाव लिहीत नाही, तो अजून आतच आहे.

खिडकीवरचा म्हणाला, "शिक्षा नाही ओ, त्याच्याच सुरक्षेसाठी ठेवलंय." मी मान डोलावून परत आलो. कुणाच्या हुकमानं, हे विचारायचं सुचलंच नाही. ते विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी शिकवलं. (आत असलेल्याला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मी त्यासाठी तहसीलला दोन दिवस घालवले होते!)

बाई म्हणाल्या, एकांतवासाची शिक्षा द्यायची तर कोर्टानं, तीही सक्तमजुरीबरोबर. सगळी मिळून ३ महिन्यांच्या वर नाही, एका दमात १४ दिवसांच्या वर नाही. आधी हे भादंविच्या ७३-७४ कलमांत होतं, आता न्याय संहितेच्या ११-१२ मध्ये. १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की, फाशी सुनावली एवढ्यावरून कैद्याला एकटं डांबता येत नाही. मग ज्याला शिक्षाच झालेली नाही, त्याचं काय?

मग कोर्टात अर्ज दिला, एका पानाचा. कधीपासून, रोज किती वेळ बाहेर काढतात, डॉक्टरनं तपासलं का, आणि हुकूम कुणाचा. कोर्टानं जेलकडून अहवाल मागवला. पुढच्या तारखेआधीच भाऊ बराकीत परत! 'बंदी सध्या बराकीत आहे' म्हणून अर्ज निकाली. हुकमाबद्दल अहवालात एक ओळ नव्हती. वकीलबाईंनी त्या अहवालाची नक्कल तेवढी काढून ठेवायला लावली.

नंतरच्या मुलाखतीत तो शेजारच्याच्या घोरण्यावर पाच मिनिटं तक्रार करत होता. आईनं मध्ये एकदाही तोडलं नाही.