1700 चा रंधा आणि मेहुण्याच्या बॅगेतून आलेला रंधा

मेहुणा बॉस्टनहून आला तेव्हा बॅगेत पोरांसाठी चॉकलेटं आणि माझ्यासाठी जवळजवळ दोन किलोचा लोखंडी ठोकळा होता. ली-निल्सनचा 4 नंबरचा रंधा (नंबर म्हणजे रंध्याचं माप). ही कंपनी अमेरिकेतल्या मेन राज्यातली, 1981 पासूनची. पैसे माझे, ओझं त्याचं. 350 डॉलरच्या वर गेला हे ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात टेबलच आलं असतं की. आलं असतं, खरंय.

घरात आधीच एक 4 नंबर होता, पुण्याच्या बोहरी आळीतून 1700 रुपयांना घेतलेला. लांबून बघाल तर दोघं भाऊच, कारण मूळ घराणं एकच, लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराचं डिझाइन, जे स्टॅन्ली या हत्यारांच्या कंपनीने 1869 मध्ये विकत घेतलं. दोन्हीत पातं 45 अंशातच बसतं. ली-निल्सनवाल्यांनी स्टॅन्लीचंच बेडरॉक मॉडेल उचललंय, त्यात पातं ज्या उतारावर टेकतं तो फ्रॉग खाली बॉडीवर अख्खा बसतो, त्यामुळे पातं थरथरत नाही.

आता स्वस्तवाल्याची कहाणी. आणला, लाकडावर ठेवला, चालेचना. तळाला पट्टी लावून बघितली तर मधून उजेड दिसतोय. मग काचेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, तळावर मार्करने रेघा मारल्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासत बसलो, दोन रविवार गेले त्यात. मग पात्याची पाठ सपाट केली. मग चिपब्रेकर (पात्यावर दाबून बसणारी लोखंडी पट्टी) आणि पात्याच्या फटीत भुसा अडकायला लागला, म्हणून चिपब्रेकर घासला. आणि मागचं पितळी चाक, ते एक दीड वेढा नुसतंच फिरतं मग कुठे पातं हलतं. या सगळ्यात मला वाटत होतं माझाच हात वाईट आहे! नवशिक्याचं खरं नुकसान इथे होतं, 1700 रुपयांत नाही. चूक हाताची की हत्याराची हे कळायला आधी एक नीट चालणारा रंधा हातात यावा लागतो ना.

अमेरिकन पाहुण्याला दगडावर दहा मिनिटं धार लावली, झालं. पातं तीन मिमीच्या वर जाड, माझ्या जुन्याचं जेमतेम दोन. बॉडी डक्टाइल लोखंडाची, म्हणजे ओट्यावरून पडला तर बिडाच्या रंध्यासारखा सहज तडकणार नाही (मुद्दाम पाडून बघितलेला नाही, उगाच विचारू नका).

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या चौकटीचं सागवान आणलं होतं, सरळ रेषेचं. त्यावर दोन्ही चालवले आणि डोळे मिटून हात फिरवला तर फरक शून्य. मग शिसमाचा एक वाकड्या रेषेचा तुकडा घेतला, तिथे स्वस्तवाला थरथरला आणि लाकूड उचकटायला लागलं. पण चिपब्रेकर धारेच्या अगदी केसभर मागे आणला तर तेही बरंचसं थांबलं. फक्त हे सेटिंग त्याच्यात टिकत नाही, अर्ध्या तासाने परत बघा, पाहुण्यात एकदा लावलं की संध्याकाळपर्यंत तसंच.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो, पाच हजार असतील तर आधी धारेचा चांगला दगड घ्या, उरलेल्यात जुना स्टॅन्ली किंवा रेकॉर्ड या ब्रिटिश कंपनीचा रंधा मिळतोय का बघा.

शेजारी दार बसवायला मिस्त्री आले होते, त्यांच्याकडे लाकडी रंधा, पाचर ठोकलेला, वर हातोडीने टकटक दोनदा की सेटिंग झालं, आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पापुद्रा. मी मोठ्या कौतुकाने ली-निल्सन त्यांच्या हातात दिला. दोन हात मारले, उलटा करून तळ बघितला, म्हणाले भारी आहे, केवढ्याला? मी घाबरून तीन हजार सांगितले.

"महाग पडला साहेब तुम्हाला."

आत बायको किती वेळ हसत होती.